मांडवात एक पुस्तक
(लहान मुलांसाठी गावात मोठ्यानं वाचणाऱ्यांच्या पुस्तिकेची प्रस्तावना)

दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात भंडारा जिल्ह्यातल्या पवनीचा एक दगड आहे. जगन्नाथ टेकडीवरच्या स्तूपाच्या कठड्याचा हा खांब, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातला. त्यावर मुचलिंद नाग कोरलेला आहे. बोधी मिळाल्यानंतरच्या आठवड्यांत तथागत ध्यानाला बसले असताना अवेळी पाऊस कोसळू लागला आणि या नागराजानं फणा पसरून त्यांच्यावर छत्र धरलं, अशी ती कथा. शिल्पकारानं बुद्धाची आकृती दाखवलेली नाही. आसन रिकामं आहे आणि नाग त्याची राखण करतो आहे. जवळ ब्राह्मी लिपीत नागाचं नाव आहे. चित्र आणि चित्राजवळ नाव, आज आपण लहान मुलांच्या हाती देतो त्या पुस्तकाचं पान असंच असतं. स्तूपाला प्रदक्षिणा घालणाऱ्यांत अक्षर न ओळखणारी माणसं पुष्कळ असणार, आणि त्यांचा हात धरून चालणारी त्यांची मुलंही. कुणी त्या नावावर बोट ठेवून ते मोठ्यानं उच्चारलं, आसन रिकामं का ते सांगितलं, तरच तो दगड त्या मुलांशी बोलणार होता. 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी पवनीत उत्खनन केलं आणि टेकड्यांच्या पोटातले स्तूप नीट उजेडात आले. तेव्हापासून इथल्या प्राचीन वैभवावर बरंच लिहिलं गेलं. मला मात्र त्या वैभवात नावावर बोट ठेवून वाचून दाखवणारा तो माणूस अधिक जवळचा वाटतो, कारण ही पुस्तिका त्याच्या आजच्या वारसांसाठी आहे.

म्हणजे अंगणवाडी सेविकांसाठी, गावच्या ग्रंथपालांसाठी, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजी-बाईंसाठी, बचत गटातल्या ताईंसाठी, कॉलेजात शिकणाऱ्या आणि सुटीत गावी येणाऱ्या मुलामुलींसाठी, निवृत्त आजोबांसाठी. पुढल्या पानांतून जे काम समजावून सांगितलं आहे ते दिसायला अगदी साधं आहे. गावात काही निमित्तानं लोक जमलेले असतात. एका बाजूला सतरंजीवर तीन ते आठ वर्षांची मुलं बसतात, काहींच्या कडेवर त्यांची धाकटी भावंडं असतात, मागे आया उभ्या असतात. समोर एक माणूस पुस्तक उघडतो, चित्रं मुलांकडे धरतो आणि मोठ्यानं वाचतो. दहा-पंधरा मिनिटांत एक गोष्ट होते. मुलं आणखी एक मागतात.

एवढ्यासाठी पुस्तिका कशाला, असं कुणी विचारेल. माझं उत्तर असं आहे की हे काम साधं असूनही आपल्याकडे फार थोडं होतं, आणि ज्या मुलांना त्याची सगळ्यांत जास्त गरज आहे त्यांच्यापर्यंत ते घराघरांतून पोचणार नाही. ज्या घरात शाळेच्या पुस्तकांखेरीज छापील कागद नाही, जिथे आई पहाटे रोवणीला जाते आणि दिवेलागणीला परतते, तिथे रोज रात्री मुलाला वाचून दाखवा असा सल्ला देणं सोपं आणि निरुपयोगी आहे. पुस्तक जिथे लोक आधीच जमतात तिथे नेलं पाहिजे. तिथे ते एकाचं राहत नाही, ऐकणाऱ्या सगळ्यांचं होतं.

आता कुणी म्हणेल, आमच्या आज्या गोष्टी सांगतच होत्या. सांगत होत्या, आणि अजूनही सांगतात, आणि त्या सांगण्याची सर कशालाच नाही. पण सांगणं आणि वाचून दाखवणं या दोन वेगळ्या मेजवान्या आहेत. आजीची गोष्ट दर रात्री थोडी बदलते. नातवंडाचा डोळा लागत आला की गोष्टीतल्या म्हातारीचा प्रवास लवकर संपतो, नातवंड खोडकर असेल तर गोष्टीत एक खोडकर मूल शिरतं. पुस्तकातली गोष्ट मात्र काल होती तशीच आज असते. लहान मुलाला याचं विलक्षण नवल वाटतं. तेच पुस्तक तिसऱ्यांदा वाचताना तुम्ही एखादा शब्द गाळून पाहा. समोरून लगेच हरकत येते. वाचणाऱ्याच्या मनात आलं म्हणून हे शब्द येत नाहीत, त्या काळ्या खुणांमध्ये ते राहतात आणि कुणीही पुस्तक उघडलं तरी तेच शब्द बाहेर येतात, हा शोध मूल अशा वेळी लावतं. अक्षर ओळखण्याच्या कितीतरी आधी अक्षराचं काम त्याला कळलेलं असतं. पुढे शाळेत क, ख, ग गिरवताना या खटाटोपाच्या पलीकडे काय ठेवलं आहे ते त्याला ठाऊक असतं.

पुस्तकाची भाषाही घरच्या बोलण्यापेक्षा निराळी असते. चुलीजवळच्या बोलण्यात ‘हिरमुसला’, ‘घनदाट’, ‘दबक्या पावलांनी’ हे शब्द क्वचित येतात, मुलांच्या पुस्तकात सहज येतात. डोनाल्ड हेस आणि मार्गारेट अहरेन्स या अमेरिकन अभ्यासकांनी 1988 मध्ये याची मोजणी केली. शिकलेल्या प्रौढांच्या आपसातल्या गप्पांपेक्षा मुलांच्या पुस्तकांत कमी वापरातले शब्द जास्त सापडतात, असं त्यांना आढळलं. ती मोजणी इंग्रजीची होती, पण मराठी चित्रपुस्तक हाती घेऊन बसलेल्या कुणालाही ती पटेल.

पवनीसारख्या गावात ऐकण्याची सवय नव्यानं लावावी लागत नाही. विदर्भाची काशी म्हणतात या गावाला. वैनगंगेचे घाट, पावला-पावलावर देवळं, जुना परकोट, विणकरांची वस्ती. श्रावणात नि अधिक महिन्यात इथे पोथ्या लागत आल्या. श्रीधरस्वामींचे ‘हरिविजय’, ‘रामविजय’, ‘पांडवप्रताप’ हे अठराव्या शतकाच्या उंबरठ्यावर रचले गेलेले ग्रंथ. त्यांचं आयुष्यच मोठ्यानं वाचलं जाण्यात गेलं. श्रावणातल्या कहाण्या बायकांनी एकमेकींना वाचून दाखवल्या. वाचता येणारी एकच असे, आणि तिच्याभोवती आळी बसे. बौद्ध विहारांत आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो. तेव्हा रोज संध्याकाळी बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन होतं. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात, आणि पावसाळाभर ग्रंथ पुढे सरकत राहतो. विदर्भातल्या गावोगावच्या विहारांत हे आज, मोबाईलच्या काळातही, निष्ठेनं चालू आहे. सामुदायिक वाचनाची इतकी जिवंत प्रथा मला दुसरीकडे सापडलेली नाही.

या सगळ्या बैठकांत लहान मुलं असतात. आईच्या मांडीवर पेंगतात, चपलांशी खेळतात, प्रसादाची वाट पाहतात. आवाजाचा चढ-उतार त्यांच्या कानात शिरतो आणि ते काही कमी नाही. पण ते वाचन त्यांच्यासाठी नसतं. चार वर्षांच्या मुलीला समोर बसवून, तिच्याकडे पाहत, तिला कळेल आणि हसू येईल असं काही वाचायचं, ही बैठक आपल्या परंपरेत राहून गेली. ती भरून काढायला फार मोठी तयारी लागत नाही. लागतो तो मांडव, आणि तो झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या या पूर्व विदर्भात, वर्षातून अनेकदा पडतोच.

मंडईचंच पाहा. धान कापणीला येतं, दिवाळी होते, भाऊबीजेपासून भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात गावोगाव मंडया, म्हणजे गावजत्रा, सुरू होतात. शेजारच्या गावांची गर्दी वाटली जावी म्हणून तारखा ठरवून घेतात. लेकी-जावई येतात, सोयरे येतात, लग्नाच्या गोष्टी निघतात. तलावातले शिंगाडे, जिलेबी, फुगे, बांगड्या, पाळणे. रात्री दंडार, खडी गंमत ही लोकनाट्यं, किंवा वडशाहून आलेल्या मंडळीचं नाटक, आणि ते पहाटेपर्यंत. झाडीपट्टीची रंगभूमी ज्या श्रोत्यांवर जगते ते श्रोते या मंडईत घडतात. पुढच्या ओळीत गोणपाटावर बसलेली मुलं पहिल्या अंकातच झोपी जातात. त्यांच्यासाठी मंडईत खेळणी आहेत, खाऊ आहे, पण गोष्ट नाही. दुपारी तीन ते पाच हा वेळ तसा मोकळाच असतो. दुकानं लागलेली असतात, मोठी माणसं पाहुण्यांत गुंतलेली असतात, मुलं उन्हात भटकत असतात. शाळेचा व्हरांडा जवळच असतो आणि त्या दिवशी रिकामा असतो. मला मंडईतली ही दुपार मुलांसाठी मागून घ्यायची आहे.

दुसरा दिवस तान्ह्या पोळ्याचा. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इकडे लहान मुलांचा पोळा भरतो. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासूनची ही प्रथा. मुलं लाकडी नंदी सजवून, चाकांवर ओढत एका ठिकाणी आणतात. नंतर घरोघर नंदी नेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, घेतात. वर्षभराच्या सणावारांत केवळ लहानग्यांचा म्हणावा असा हा एकच दिवस. सारी बालसेना आपणहून एका मैदानात जमते, प्रत्येकाच्या हाती दोरी आणि दोरीला बैल. अशा जमावाला बैलाची, शेताची, पावसाची एक गोष्ट वाचून दाखवली तर? सजावटीचा निकाल लागेपर्यंत एरवी नुसती ताटकळत बसणारी मुलं तेवढ्या वेळात एक आख्खं पुस्तक ऐकून घरी जातील. बक्षीस मिळालेल्याला आणि न मिळालेल्याला, दोघांनाही ते सारखंच मिळेल.

या कामाला मराठीत थोर पूर्वज आहेत. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली. तिची प्रकरणं ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशी आहेत. आश्रमातल्या प्रार्थनेनंतर श्याम बोलतो, मित्र ऐकतात, हळूहळू गावची माणसं नि मुलं येऊन बसू लागतात. मराठीतलं मुलांचं सर्वांत लाडकं पुस्तक हे असं जमून ऐकण्याच्या बैठकीवर उभं आहे. 1950 मध्ये गुरुजी गेले. त्यानंतर प्रकाशभाई मोहाडीकरांनी साने गुरुजी कथामाला सुरू केली आणि तिच्या शाखा शाळाशाळांतून, वस्त्यांतून उभ्या राहिल्या. आठवड्यातून एकदा मुलं जमायची, एखादे शिक्षक किंवा कार्यकर्ते गोष्ट सांगायचे. कुठलीही परीक्षा नाही, फी नाही. कथामालेनं महाराष्ट्राच्या दोन-तीन पिढ्यांना संस्कार दिले असं नेहमी म्हटलं जातं. मी म्हणेन, तिनं त्यांना आधी आनंद दिला; आनंदाशिवाय ती मुलं पुढच्या आठवड्यात आलीच नसती.

आणि ताराबाई मोडक. 1945 मध्ये त्या बोर्डीला गेल्या, तेव्हा बालवाडी उघडून मुलांची वाट पाहण्यात अर्थ नाही हे त्यांच्या लवकरच लक्षात आलं. वस्तीतली मुलं बालवाडीकडे येत नव्हती. मग बालवाडीच वस्तीच्या अंगणात गेली. अनुताई वाघांनी त्यांच्यासोबत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर हेच काम आयुष्यभर केलं. 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात 33 ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. या योजनेतून आलेल्या ज्या अंगणवाडीत आज गावोगाव आपली मुलं बसतात तिच्यामागे त्या अंगणाचा विचार आहे. आमच्या कामाची दिशाही तीच. मुलं ग्रंथालयात येत नसतील तर पुस्तकानं उठून मुलांकडे जायचं. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानंतर महाराष्ट्रात ग्रंथालयांचं मोठं जाळं उभं राहिलं. त्यांतल्या बालविभागाच्या कपाटात चांगली पुस्तकं आहेत. त्यांना कुलपातून बाहेर काढून मैदानात न्यायला ग्रंथपालाला कुठल्याही नव्या कायद्याची गरज नाही.

आजच्या काळातलं एक काम इथे नोंदवायलाच हवं. पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यातल्या सोनाळे इथली ‘क्वेस्ट’ ही संस्था, नीलेश निमकर यांनी उभी केलेली, आपल्या ‘गोष्टरंग’ उपक्रमातून आश्रमशाळांत आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत जाते. तरुण नट मुलांच्या पुस्तकांतल्या गोष्टी मुलांसमोर उभ्या करतात, आणि मग ती पुस्तकं मुलांच्या हाती येतात. नाटक पाहून झाल्यावर मूल त्या पुस्तकाकडे ओळखीचं माणूस भेटल्यासारखं पाहतं. ज्या झाडीपट्टीत गावागणिक नट आहेत, तिथे हे किती बहरेल! दंडारीत राधेची भूमिका करणाऱ्या पोरानं दुपारी मुलांना दहा मिनिटं वाचून दाखवलं, तर त्याच्या आवाजाला आणि हातवाऱ्यांना तोड राहणार नाही. आमच्या भागातला हा मोठा खजिना आहे आणि मुलांच्या कामी तो अजून लागलेला नाही.

भंडारा-गोंदिया हा बिड्यांचाही मुलूख. तेंदूपानाचा हंगाम, सुपात पानं-तंबाखू घेऊन दारात बसलेल्या बाया, शेजारी रांगणारी मुलं. क्युबामध्ये हवानाच्या सिगार कारखान्यात 1865 मध्ये कामगारांनी एक प्रथा पाडली. ते पानं वळत असत आणि एक वाचक उंच आसनावर बसून त्यांना वर्तमानपत्र नि कादंबऱ्या वाचून दाखवत असे. त्या वाचकाचा पगार कामगार आपल्या मजुरीतून काढून देत. ती प्रथा तिथे आजवर टिकली आहे. हे वाचलं तेव्हा मला आमच्या बिडी वळणाऱ्या बाया आठवल्या. हात गुंतलेले, कान मोकळे. त्यांच्या अंगणात कुणी मुलांसाठी पुस्तक वाचलं तर आयाही ऐकतील, आणि रात्री मुलानं ‘ते परत सांग’ म्हटलं तर त्यांना सांगता येईल. मुलांसाठी वाचताना मोठ्यांनाही मिळतं, ते असं.

भाषेचा प्रश्न पवनीत टाळून चालत नाही. इथल्या घरांत झाडीबोली बोलली जाते. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी आयुष्य वेचून तिचा अभ्यास केला, तिला मान मिळवून दिला. या बोलीत ‘ळ’ नाही. डोळ्याचा ‘डोरा’ होतो. चार वर्षांच्या मुलाला पुस्तकातलं ‘तळं’ पहिल्यांदा परकं वाटू शकतं. वाचणाऱ्यानं काय करावं? आमचं मत स्पष्ट आहे. पुस्तकात आहे ते तसंच वाचावं, आणि पान उलटायच्या आधी मुलांशी बोलताना मोकळेपणानं आपल्या बोलीत बोलावं. मुलानं ‘डोरा’ म्हटलं तर त्याला दुरुस्त करू नये. तो बरोबरच बोलतो आहे. एका दुपारी दोन्ही भाषा एकाच माणसाच्या तोंडून, सारख्याच मायेनं ऐकू आल्या तर मुलाला कुठलीच हलकी वाटत नाही. आणि झाडीबोलीतच छापलेली, चित्रांची, मोठ्या अक्षरांची पुस्तकं लहान मुलांसाठी निघाली पाहिजेत. या पुस्तिकेचे वाचक त्यासाठी लेखकांकडे तगादा लावतील, अशी माझी आशा आहे.

कुठली पुस्तकं घ्यावीत याचं एक प्रकरण पुढे आहे, म्हणून इथे थोडंच सांगतो. माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’सारखी पुस्तकं जमावात फार छान रंगतात, कारण त्यांतली आई, बाबा, आजी-आजोबा प्रत्येक मुलाच्या ओळखीचे निघतात. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयातली, ज्योत्स्ना प्रकाशनाची आणि प्रथम बुक्सची चित्रपुस्तकं परवडणारी आहेत. ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतं; त्याचे जुने अंक थोड्या मोठ्या भावंडांना द्यावेत. ज्या गोष्टीत एखादं वाक्य पुन्हा पुन्हा येतं ती गर्दीसाठी उत्तम. चिऊच्या दारात कावळा येऊन हाक मारतो, चिऊ प्रत्येक वेळी नवं कारण देते. तिसऱ्या हाकेला सगळा मांडव कावळा झालेला असतो. वीस-पंचवीस मुलांनी एका सुरात एक वाक्य म्हणणं आणि मग आपल्याच आवाजानं खूश होऊन हसणं, हा आनंद घरात एकट्या मुलाला मिळत नाही. समूहवाचनाचं सगळ्यात मोठं देणं माझ्या मते हेच आहे. लाजरं मूलही त्या गजरात तोंड उघडतं, कारण त्याचा आवाज कुणी वेगळा काढून पाहत नसतं.

वाघाच्या गोष्टीबद्दल मात्र एक सूचना. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याच्या कडेला राहणाऱ्या मुलांसाठी वाघ ही पुस्तकातली गंमत नसते. त्यांच्या घरात वाघाची बातमी येते, गुरं गेलेली असतात, बाप रात्री जागलीला गेलेला असतो. भोपळ्यात बसून वाघाला चकवणारी म्हातारी त्यांना आवडते, खूप आवडते, पण त्या हसण्यात सुटकेचा श्वासही असतो. वाचणाऱ्यानं ते ओळखावं, मध्येच कुणी ‘आमच्या गावात आला होता’ म्हणून सांगू लागलं तर पुस्तक मांडीवर ठेवून ऐकून घ्यावं. गोष्ट थांबली तरी बिघडत नाही.

कसं वाचावं याबद्दलचे माझे आग्रह आता सांगून टाकतो. गोष्ट घरी दोन-तीनदा मोठ्यानं वाचून मगच मांडवात जावं. मुलांच्या डोळ्यांवर ऊन येणार नाही अशी जागा घ्यावी, म्हणजे ऊन आपल्या तोंडावर घ्यावं. पुस्तक छातीशी धरू नये, ते मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर बाजूला धरावं आणि प्रत्येक चित्र उजवीकडून डावीकडे सावकाश फिरवावं. लाऊडस्पीकर वापरू नये. मंडईत आवाज खूप असतो म्हणून मोह होतो, पण यंत्रातून आलेला आवाज मुलाच्या डोक्यावरून जातो, आणि वाचणाऱ्याची कुजबुज, जी गोष्टीतली सगळ्यात मौल्यवान जागा असते, ती मरून जाते. मुलं जास्त झाली तर दोन गट करावेत, दोन वाचक बसवावेत. सुरुवातीला सत्कार, दीपप्रज्वलन, भाषणं अजिबात नकोत. मान्यवरांना मान द्यायचाच असेल तर त्यांच्या हाती पुस्तक द्यावं आणि मुलांसमोर बसून वाचायला सांगावं. तो खरा मान. कुणी मूल उठून गेलं तर जाऊ द्यावं. ते फुगा घेऊन परत येतं.

आणि शेवटी तात्पर्य विचारू नये. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपल्या देशात मुलाच्या वाचनाची मोजणी आता खूप होते. ‘असर’ हे शिक्षणाचं सर्वेक्षण 2005 पासून घराघरांत जाऊन अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट अशा चढत्या पायऱ्यांवर मुलांचं वाचन तपासतं. त्या पाहणीनं देशाचे डोळे उघडले, तिचं मोल मी जाणतो. पण कित्येक मुलांच्या आयुष्यात छापील गोष्ट पहिल्यांदा येते तीच मुळी चाचणीची शेवटची पायरी म्हणून. त्या पायरीवर पोचण्याच्या फार आधी गोष्ट त्यांना भेटायला हवी, ज्या भेटीत त्यांच्याकडून काहीच मागितलेलं नाही. ‘यातून आपण काय शिकलो’ हा प्रश्न मांडवात आला की मुलांचे चेहरे शाळेतले होतात. तो प्रश्न न विचारण्याचा संयम वाचणाऱ्यानं पाळला, तर घरी जाताना मुलंच एकमेकांना प्रश्न विचारत जातात.

जगात इतरत्र हे काम पुष्कळ गांभीर्यानं घेतलं जातं. जर्मनीत 2004 पासून नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी देशभर मोठ्यानं वाचण्याचा दिवस पाळतात. त्या दिवशी पुढारी, खेळाडू, दुकानदार शाळांत, ग्रंथालयांत जाऊन मुलांना वाचून दाखवतात. अमेरिकेत 1989 मध्ये बोस्टनच्या सरकारी इस्पितळात बालरोगतज्ज्ञांनी तपासणीला आलेल्या मुलाला औषधाबरोबर पुस्तक द्यायला सुरुवात केली, आणि 2014 मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं जन्मापासूनच बाळाला वाचून दाखवा असा सल्ला अधिकृतपणे दिला. महाराष्ट्रात 15 ऑक्टोबर, डॉ. कलामांचा जन्मदिवस, वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळतो. तो चांगला आहे. फक्त त्या दिवशी मुलांना गप्प बसून वाचायला लावण्याऐवजी गावानं मुलांसमोर बसून वाचलं, तर ज्यांना अजून वाचता येत नाही त्यांच्याही वाट्याला तो दिवस येईल.

एका भागाबद्दल मनात काळजी आहे. गोसेखुर्द धरणाच्या पाण्यामुळे वैनगंगेकाठची अनेक गावं उठली आणि नव्या जागी वसली. नव्या वसाहतीत सरळ रस्ते आहेत, शाळेची इमारत आहे. पण पिंपळाचा पार, चावडी, देवळाची ओसरी, जिथे संध्याकाळी माणसं विनाकारण बसत, ती जागा आराखड्यात आखता येत नाही. तिला एक-दोन पिढ्या जाव्या लागतात. तिथल्या मुलांना जुनं गाव माहीत नाही आणि मोठ्यांना नवं अजून आपलं वाटत नाही. अशा वस्तीत दर पंधरा दिवसांनी एका ठरलेल्या ठिकाणी, ठरलेल्या वेळी कुणी पुस्तक घेऊन बसलं, तर ती जागा हळूहळू बसण्याची जागा होईल. आमच्या वाचकांनी सुरुवात कुठून करावी असं मला विचाराल तर मी या वसाहतींचं नाव आधी घेईन.

वाचणाऱ्यालाही या कामातून खूप मिळतं, हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. गावात जन्मभर कधी चार लोकांसमोर न बोललेली एखादी बाई मुलांसमोर पुस्तक उघडते आणि तिसऱ्या पानावर तिच्या आवाजात कोल्हा शिरतो. मुलं खिदळतात, तीही हसते. पुढच्या वेळी ती कोल्ह्यासाठी वेगळा आवाज घेऊन येते. बापांना मात्र अजून संकोच वाटतो. ते कोपऱ्यावर मोटारसायकलला टेकून उभे राहतात, ऐकतात, पण जवळ येत नाहीत. त्यांना बोलवा. ज्या बापाला अडखळत वाचता येतं त्यालाही बोलवा. मुलांना त्याच्या अडखळण्याचं काही वाटत नाही. आपला बाप पुस्तक हाती धरून आहे एवढं त्यांना पुरतं.

वाचून झालं की पुस्तक मुलांच्या हाती द्या. ते मळेल, एखादं पान फाटेल. म्हणून पिशवीत चिकटपट्टी ठेवा आणि प्रत्येक पुस्तकाच्या शक्यतो दोन प्रती घ्या.

यंदाची मंडई जवळ येते आहे. धान घरात येण्याआधीच पत्रिका छापायला जाईल. त्यात नाटकाचं, कलावंतांचं, देणगीदारांचं नाव असेलच. त्याच्या वर एक ओळ वाढवायला मंडळाला सांगा: दुपारी चार वाजता, शाळेच्या व्हरांड्यात, लहान मुलांसाठी पुस्तकवाचन. आणि वाचणाऱ्या ताईंचं किंवा दादांचं नावही कलावंतांच्याच आकाराच्या अक्षरांत छापून घ्या.